सिरिल हेबडन अडकला

न्हाणीघराच्या दाराची मूठ हातात आली, तेव्हा सिरिल हेबडनच्या अंगावर फक्त टॉवेल होता आणि लंडनची गाडी सुटायला जेमतेम तासभर उरला होता.

बायको विनी बाजारात गेली होती. दाराला धक्के मारून खांदा दुखायला लागल्यावर सिरिलने खिडकी उघडली. खाली शेजारच्या मिसेस प्लॅक्स्टन कुंपण छाटत होत्या.

"मी न्हाणीघरात अडकलोय," सिरिल म्हणाला.

मिसेस प्लॅक्स्टन खो-खो हसल्या. त्यात त्यांची काही चूक नव्हती. सिरिल मूळचा गॅस कचेरीतला कारकून. एका साहेबाच्या निरोप समारंभात तो मनापासून चार शब्द बोलला आणि लोक खुर्च्यांवरून पडायचे तेवढे बाकी राहिले. तेव्हापासून रंगमंचावरच्या त्याच्या दगडी चेहऱ्याला आणि सपाट आवाजाला सगळं इंग्लंड हसत आलं होतं. क्लीथॉर्प्स तर काय, त्याचं गावच.

"खरंच अडकलोय. ही बघा मूठ."

"अगं बाई, मूठसुद्धा घेऊन आलाय," म्हणत त्यांनी पोस्टमनला हाक मारली. पोस्टमन थांबला म्हणून समुद्रावर निघालेलं एक कुटुंब थांबलं, आणि ते थांबलं म्हणून बघता बघता रस्ता भरला.

"कुणीतरी वर या. मागचं दार उघडंच आहे."

"नको हो, इथूनच छान दिसतंय," पोस्टमन म्हणाला.

सिरिलचा धीर सुटला. चेहऱ्याला मात्र त्याचा पत्ता नव्हता. "हे बघा, इतक्या वर्षांनी मला पहिल्यांदा गंभीर भूमिका मिळालीय. मरायला टेकलेल्या माणसाची. गाडी चुकली तर ती दुसऱ्याला देतील हो."

एक गृहस्थ पोट धरून फुटपाथवर बसले. सिरिलने काकुळतीने दोन्ही हात वर केले आणि टॉवेल सुटला. तो उचलायला सिरिल खाली वाकला. लोकांना वाटलं, त्याने वाकून अभिवादन केलं, कार्यक्रम संपला. त्यांनी भरपूर टाळ्या वाजवल्या आणि ते आपापल्या वाटेला लागले. टॉवेल पुन्हा नीट गुंडाळून सिरिल उभा राहिला तेव्हा रस्ता रिकामा होता आणि स्टेशनाकडून गाडी सुटल्याचा आवाज येत होता.

थोड्या वेळाने जिना करकरला. विनीने बाहेरून दार उघडलं. तिचे डोळे लाल झाले होते.

"गाडी गेली," सिरिल म्हणाला.

"माहितीये रे."

"तू कधी आलीस?"

"मघाशीच. मागे उभी होते, गर्दीत."

"मग वर का नाही आलीस?"

विनी टबाच्या काठावर टेकली. लग्न झाल्यापासून त्याचा प्रत्येक कार्यक्रम तिने पहिल्या रांगेत बसून, विणकाम करत पाहिला होता. संपला की "छान झालं" म्हणायची आणि कोट शोधायला लागायची.

"पायच हलेनात," ती डोळे पुसत म्हणाली. "इतकं हसू मला जन्मात आलं नव्हतं."

सिरिल टॉवेल सावरत तिच्या शेजारी बसला.

"कुठल्या वाक्याला?" त्याने विचारलं.