वाकडी ओसरी

"आई! हे काय करून ठेवलंस तू?"

मोटारीतून उतरता उतरताच व्हर्लीन टॅकेटच्या मुखातून हे उद्गार बाहेर पडले, आणि तिच्या पाठोपाठ कॅमेऱ्याची पेटी घेऊन उतरलेले छायाचित्रकार प्रुइटसाहेब जागच्या जागी स्तब्ध झाले.

कारणही तसेच होते. व्हर्लीन गायिका होती, आणि तिच्या गाण्यांची पहिली तबकडी नॅशव्हिलच्या दुकानांतून धूळ खात पडली होती. दुसरीचीही तीच गत झाली, तर कंपनी आपल्या हाती नारळ देणार, हे ती पुरते जाणून होती. म्हणून या खेपेस तिने काळजाला हात घालणारे एक गाणे रचले होते : केंटकीच्या डोंगरातले आपले जन्मघर, त्याची एका अंगाला कललेली ओसरी, गळका पत्रा आणि ठिगळांचा एप्रन बांधलेली आई. गाणे रेडिओवर वाजू लागले, लोकांनी डोळे पुसले, आणि कंपनीने फर्मान काढले की तबकडीचे नाव 'वाकडी ओसरी' आणि वेष्टनावर छायाचित्रही त्याच ओसरीचे. वेष्टन दुसऱ्याच दिवशी छापखान्यात जायचे होते.

परंतु समोर जी ओसरी होती ती सरळ, नव्या फळ्यांची आणि दुधासारखी शुभ्र होती. तिच्यावर व्हर्लीनच्या मातोश्री ऑर्डेसाबाई ईस्टरचा निळा पोशाख, हातमोजे आणि पार्लरातून फुगवून आणलेले केस अशा थाटात विराजमान झाल्या होत्या.

"काय म्हणजे? शहरातून पाहुणा यायचा, फोटो काढायचा, आणि मी घर तसंच ठेवू? पाद्रीबाबांसकट चर्चमधले सगळे बाप्ये आठवडाभर राबलेत इथं!"

"अगं, पण गाण्यात..."

"त्या गाण्याचं नाव काढू नकोस! माझ्या पत्र्याची गळती साऱ्या राज्याला ऐकवलीस. बसा हो साहेब, दमला असाल."

साहेब सौजन्यपूर्वक बसले. उठताना त्यांच्या विजारीवर फळ्यांच्या ओल्या रंगाचे पांढरे पट्टे यथास्थित उमटले होते. ऑर्डेसाबाईंनी तत्परतेने रॉकेलचा बोळा आणून ते पुसले, तेव्हा पट्टे पसरून साहेबांची संपूर्ण मागली बाजू एकसारखी पांढरी झाली, आणि त्यांनी ओढीत असलेली सिगारेट भयभीत होऊन दूर फेकून दिली.

"थोडा चिखल फासू या का खांबांना?" व्हर्लीन काकुळतीने म्हणाली.

साहेब पुढून चिखल फासत गेले आणि ऑर्डेसाबाई मागून बादली घेऊन पुसत गेल्या. इकडे सूर्यनारायण डोंगराआड जाण्याची घाई करू लागले.

इतक्यात व्हर्लीनची दृष्टी ओढ्यापलीकडे गेली. तिथे मोझेलबाई क्रम यांची ओसरी होती. कललेली, गंजलेली, कोंबड्यांनी गजबजलेली. पाहुणे येणार हे त्यांना कुणी कळवलेच नव्हते. कारण जत्रेतल्या मुरंब्याचे पहिले बक्षीस ऑर्डेसाबाईंनी पटकावले, त्या दिवसापासून दोन्ही घरांत बोलणे बंद होते.

"घ्या की फोटो," व्हर्लीनने हाक मारून विचारताच मोझेलबाई ओढ्यापलीकडून म्हणाल्या. "पण ओसरी माझी, तर खुर्चीत मी बसणार. आणि व्हर्लीन माझ्या पायाशी."

व्हर्लीनने आईकडे पाहिले.

"जा, जा! कळू दे जगाला, टॅकेटांची पोर क्रमांच्या खुराड्यात जन्मली ते!" ऑर्डेसाबाई कडाडल्या आणि घरात जाऊन त्यांनी दार धाडकन लावून घेतले.

तबकडी धो धो खपली. व्हर्लीनची चाकरी वाचली, गावोगावी कार्यक्रम सुरू झाले. लोक मोटारी घेऊन तिचे जन्मस्थान शोधत डोंगर चढू लागले. ऑर्डेसाबाईंच्या पांढऱ्या घराकडे ते ढुंकूनही पाहत ना. थेट ओढा ओलांडीत. तिथे वेष्टनावरच्या त्याच खुर्चीत बसून मोझेलबाई एप्रनने डोळे टिपीत सांगत, "लहानपणी फार किरकिरी होती हो. मीच मांडीवर घेऊन गायला शिकवलं. माझ्याच मुरंब्यावर वाढलीय पोर!"

शरद ऋतूत व्हर्लीनला दोन दिवसांची सवड मिळाली. आईची समजूत कशी घालावी, या विवंचनेत ती घराजवळ आली, तो ओसरीवरून फळ्या उचकटल्याचे आवाज. अंगणात पांढऱ्या लाकडांचा ढीग. ठिगळांचा एप्रन बांधून, हाती पहार घेऊन ऑर्डेसाबाई घामाघूम झाल्या होत्या.

"आई! अगं, नवी कोरी ओसरी ती!"

"बघत काय राहिलीस? तो खांब धर. पाद्रीबाबा यायला नाही म्हणाले, आणि रविवारी पाहुणे यायचेत."

व्हर्लीनने निमूटपणे खांबाला हात घातला. ऑर्डेसाबाईंनी कपाळावरचा घाम पुसला आणि आवाज उतरवून विचारले,

"आणि काय गं, तुझ्या त्या गाण्यात ती कुठल्या अंगाला कललीय? डाव्या की उजव्या?"