आरोपीच्या हाती वस्तरा

आमच्या बाबूकाकांसमोर मांजरीलाही चोर म्हणायची सोय नाही. एकदा माझी बायको ओरडली, "मांजरीनं दूध प्यालं!" काका कुंपणापलीकडून गरजले, "सूनबाई, डोयानं पाह्यलं का? नाई न? मंग कथित मांजर म्हना!"

एसटीच्या अकोट-दर्यापूर गाडीवर ड्रायव्हरकी करून काका अमरावतीत आमच्या शेजारी राहायला आले. निवृत्त माणसं देवदर्शनाला जातात, काका कोर्टात जातात. जामिनाची सुनावणी असली की क्रिकेटची मॅच बघावी तसे रंगतात. एकदा जामीन मंजूर होताच टाळ्या पिटल्या म्हणून शिपायानं त्यांना बाहेर काढलं. वर आम्हालाच ऐकवतात, "बेल म्हंजे सुटका नाई, अन् जेल म्हंजे सजा नाई. निकालापावतर मानूस निर्दोष. हे कायद्याचं हाये, माह्या घरचं नाई!"

मागच्या गल्लीतला सुनील नांदगाव पेठेत कापड कारखान्यात होता. मुकादमाच्या खुनाचा आरोप आला आणि पोरगा तुरुंगात गेला. या उन्हाळ्यात हायकोर्टानं त्याला जामीन दिला, तेव्हा काका बनियनवरच गल्लीभर धावले. "झाली बे! सुनीलची बेल झाली!"

सुनील आला, पण गल्ली त्याच्याशी बोलेना. खटला उभा राहायचा होता, लोकांनी मात्र निकाल देऊन टाकला होता.

रविवारी मी गजाननच्या सलूनमध्ये नंबर लावून बसलो होतो. काका सुनीलला हाताला धरून आत आले. सुनीलची दाढी छातीपर्यंत वाढलेली. गजानन कंगवा पुसत पुटपुटला, "काका, याची नाई करत मी. गिऱ्हाइकं तुटतीन."

आता भाषण होणार, असं मला वाटलं. काका मात्र सरळ खुर्चीत बसले. "माह्या तोंडाले फेस लाव." गजाननने लावला. "आता वस्तरा सुनीलले दे."

सलून गार पडलं!

"मले येत नाई, काका," सुनील वस्तरा घेऊन मागे सरला.

"म्या सांगतो न! सरळ रस्ता हाये, जाऊ दे गाडी. हां... हनुवटीवर वळन हाये, गिअर बदल!"

आम्ही श्वास रोखून उभे. तेवढ्यात गालावर लाल थेंब उमटला. गजानन किंचाळला, "रक्त!"

"कथित रक्त!" काका डोळे मिटूनच ओरडले. आधी मी हसलो, मग सगळेच. सुनीलसुद्धा. काका उठले, तशी गजाननने मुकाट्यानं खुर्ची झटकली आणि सुनीलला म्हणाला, "बस."

काका आणि मी बाहेर लिंबाखाली थांबलो.

"भीती नाही वाटली, काका?"

"लय वाटली." ते गालावर तुरटी दाबत होते. "माह्या लेकावरबी अशीच केस होती. आमी तवा अकोल्यात होतो. बेलवर घरी आला, जेवला. दुपारी मी आडवा व्हाले गेलो, अन् म्या माह्या खोलीची आतून कडी लावली. त्याले कडीचा आवाज गेला."

त्यांनी तुरटी उलटून पुन्हा गालावर दाबली.

"मंग गाव सोडलं त्यानं. तारखेले येई तवा लॉजवर उतरे. पुढं निर्दोष सुटला. पन घरी नाई आला."

सुनील बाहेर आला. दाढी उतरल्यावर अगदीच कोवळा दिसत होता.

"चाल बे, जेवाले," काका म्हणाले. "अन् दुपारचा माह्याच खोलीत झोप. कूलर तिथंच हाये."