‘भोंगा’च्या संपादिका

रत्ना साळवे सहामाहीत गणितात नापास झाली आणि ती बातमी तिने स्वतःच्याच वर्तमानपत्रात पहिल्या पानावर छापली. “‘भोंगा’च्या संपादिका गणितात नापास.” खाली बारीक अक्षरात: “पेपर अवघड नव्हता.”

“अगं, निदान शेवटच्या पानावर तरी टाक,” मी म्हटलं.

“पहिल्या पानावर जागा होती,” ती म्हणाली.

सत्तरच्या दशकातली ही गोष्ट. आकुर्डीतल्या आमच्या शाळेत निम्म्या पोरांचे वडील कंपनीत होते आणि उरलेल्यांचे कंपनीत लागायच्या खटपटीत. आम्ही सातवीत असताना मराठीच्या बाईंनी विद्यार्थ्यांचं एक पत्र काढायचं ठरवलं. नाव सुचवलं ‘ज्ञानज्योती’. रत्ना उभी राहिली. “बाई, ज्योती कोण बघणार? भोंगा सगळ्यांना ऐकू येतो.” खरंच होतं ते. आमच्या घरातले चहा, अंघोळी आणि भांडणंसुद्धा कंपनीच्या भोंग्यावर चालायची. पत्राचं नाव ‘भोंगा’ पडलं आणि रत्ना संपादिका झाली.

माझं अक्षर बरं, म्हणून स्टेन्सिल लिहायचं काम माझ्याकडे आलं. मेणकागदावर लोखंडी टोकानं कोरायचं आणि मग ऑफिसातल्या सायक्लोस्टाइल यंत्राचा दांडा फिरवायचा. चार पानं निघेपर्यंत आम्ही दोघी कोपरापर्यंत काळ्या व्हायचो.

बातमी घेऊन कुणीही आलं की रत्नाचा एकच प्रश्न असायचा, “डोळ्यांनी पाहिलंस?” पीटीच्या सरांचं लग्न ठरलं, असं सांगत एक मुलगी धावत आली. “डोळ्यांनी पाहिलंस?” आता ठरलेलं लग्न डोळ्यांनी कसं बघायचं? बातमी गेली. पुढे सरांचं लग्न झालं, साऱ्या शाळेनं पेढे खाल्ले, पण रत्नाला त्या दिवशी नेमका ताप होता. त्यामुळे ‘भोंगा’त सर शेवटपर्यंत अविवाहितच राहिले.

जे तिने पाहिलं, त्याची मात्र सुटका नसायची. “मुख्याध्यापक सरांची सायकल गुरुवारी गटारात गेली. त्या वेळी सर सायकलवर होते.” हे छापून आलं तेव्हा मुख्याध्यापक जोगळेकर सरांनी आम्हां दोघींना ऑफिसात बोलावलं.

“साळवे, हे छापायची काही गरज होती?”

“सर, चुकलं असेल तर सांगा. दुरुस्ती छापते.”

सरांनी छताकडे पाहिलं. मग म्हणाले, “गुरुवार नव्हता. बुधवार होता.”

पुढच्या अंकात ठळक दुरुस्ती आली.

मग शिक्षण खात्याचे साहेब तपासणीला येणार असं कळलं. भिंतींना चुना लागला, कुंड्यांना गेरू लागला. सरांनी ‘भोंगा’चा खास अंक काढायला सांगितलं. पहिल्या पानावर साहेबांचं स्वागत हवं होतं. रत्नानं मजकूर माझ्यापुढे ठेवला. वर मथळा: “मुलींच्या मुतारीला दार नाही.”

दाराच्या जागी गोणपाट टांगलेलं होतं. आम्ही जोडीनं जायचो. एक आत, दुसरी बाहेर गोणपाट धरून. कित्येक मुली सकाळपासून पाणीच प्यायच्या नाहीत. हे सगळं तिने लिहिलं होतं, एकही शब्द न चढवता.

“रत्ने, साहेब येणारेत!”

“म्हणून तर. सुमे, यात खोटं काय आहे ते सांग.”

खोटं काहीच नव्हतं. मी लिहिलं. अक्षर बिघडू दिलं नाही.

तपासणीच्या आदल्या दिवशी सकाळी अंक सरांच्या हाती पडला. सर लाल झाले. “शाळेची अब्रू वेशीवर टांगता? एक प्रत बाहेर जाता कामा नये!”

“सर,” रत्ना म्हणाली, “तुम्ही एकदा बघायला चला ना.”

काय वाटलं कोण जाणे, सर उठले. मुलींच्या बाजूला ते कधी आलेच नसावेत. आम्ही तिथं पोचलो आणि वाऱ्यानं गोणपाट उडून पार वर गेलं. सरांनी झटकन मान खाली घातली. चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

“कधीपासून असं आहे?”

“मी पाचवीत आले तेव्हापासून तरी.”

सरांनी सायकल काढली आणि ते भोसरीला गेले. तिथं एका पालकांचं वर्कशॉप होतं. त्यांच्यासमोर ते दुपारभर बसून राहिले आणि दार करून घेऊनच उठले. संध्याकाळी शाळेच्या फाटकातून टेम्पो आत आला. मागे सायकल आडवी, आणि पत्र्याचं दार दोन्ही हातांनी धरून आमचे मुख्याध्यापक बसलेले!

मी आनंदानं उड्या मारत होते. रत्ना चिंतेत. “अगं, अंक खोटा झाला.” मग पुन्हा स्टेन्सिल, पुन्हा शाई. दुसऱ्या दिवशी साहेबांच्या हातात जो अंक गेला, त्यात पहिल्या पानावर होतं: “मुलींच्या मुतारीला दार बसले. रंग हिरवा. कडी आतून. कालपर्यंत दार नव्हते.” साहेबांनी वाचलं आणि सरांकडे पाहिलं. सर म्हणाले, “बातमी खरी आहे.” ती माझ्या अक्षरात होती, याचा मला आजही अभिमान वाटतो.

त्याच रविवारी मी यंत्र पुसायला शाळेत गेले होते. रत्ना आली, तिच्यासोबत साडी नेसलेली एक मुलगी. आमच्याहून दोन-तीन वर्षांनी मोठी असेल. “ही माझी बेबीताई,” रत्ना म्हणाली. एका बाकावर आम्ही तीन वर्षं काढली, पण हिला बहीण आहे हे मला ठाऊक नव्हतं. रत्ना आम्हांला नव्या दाराकडे घेऊन गेली.

“ही पण इथंच होती. सहावीत शाळा सुटली.”

“का गं?”

रत्ना पायाच्या अंगठ्यानं माती उकरत राहिली. “मोठी झाली ना. त्या दिवसांत गोणपाटामागं कसं जायचं? घरी राहायची. मग घरीच राहिली.”

बेबीताईनं हिरव्या दारावरून हात फिरवला आणि ती आत गेली. कडी लागल्याचा आवाज आला. मग निघाल्याचा. मग पुन्हा लागल्याचा. “लई घट्ट बसती गं,” ती आतून म्हणाली. त्यानंतर बराच वेळ काहीच ऐकू आलं नाही.

“ताई?”

“येते. थांब जरा.” आवाज ओला होता.

रत्ना दाराला पाठ टेकून खाली बसली.

“बस निवांत,” ती म्हणाली. “मी आहे इथं.”