अधांतरी चॅम्पियन

सकाळी ऑफिसला निघायची वेळ टळून गेली तरी पाणीपुरवठा कचेरीतला कारकून टीव्हीसमोर मांडी ठोकून बसला होता. माळ्यावर सापडलेला लहानपणीचा व्हिडिओ गेम त्याने पुन्हा जोडला होता. त्या काळी उंच उडीच्या एका चॅम्पियनने सगळ्यांना वेड लावलं होतं, आणि कुठल्याशा कंपनीने त्याला थेट मारामारीच्या खेळात उतरवलं. बिचाऱ्याने आयुष्यात कुणाला चिमटाही काढला नसेल. त्यामुळे खेळातसुद्धा तो नुसता उडी मारायचा आणि समोरच्याच्या अंगावर पडायचा.

लहानपणी कारकून शेवटच्या पैलवानापर्यंत पोचला रे पोचला की आई जेवायला हाक मारायची. जिंकल्यावर पुढे काय होतं, ते त्याला आजवर कळलं नव्हतं. आज पैलवानाची ताकद रेघभर उरली होती. चॅम्पियनने उडी घेतली.

"आज रजा आहे का तुमची?" बायको दारातून म्हणाली.

त्याने खेळ थांबवला. चॅम्पियन हवेतच राहिला. पाठ वाकलेली, डोळे मिटलेले, जणू दुपारची झोप लागली होती. हे जुनं यंत्र काही लक्षात ठेवत नसे. बंद केलं की पुन्हा पहिल्यापासून.

"संध्याकाळपर्यंत प्लगला कुणी हात लावायचा नाही," असं बजावून तो पळाला. बायकोने मान डोलावली आणि आपल्या कामावर गेली. आज आपली आई राहायला येणार आहे, हे सांगायचं मात्र ती विसरली.

दुपारी, नळाच्या तक्रारी ऐकत असताना त्याला फोन आला.

"जावईबापू, हा माणूस कधीपासून असा वर आहे?"

"सकाळपासून, आई. राहू द्या त्याला."

"अहो, पण डबा तापलाय. वास येतोय."

"पंखा लावा त्याच्यासमोर. प्लग मात्र काढू नका."

थोड्या वेळाने पुन्हा फोन. पंखा यंत्राकडे गेल्यामुळे सासूबाईंना उकडत होतं. मग पंखा दोघांच्या मध्ये ठेवण्यात आला आणि सासूबाई खुर्ची ओढून टीव्हीला खेटून बसल्या. "छान दिसतो हो," त्या सावकाश म्हणाल्या. "बघता बघता आपणच तरंगतोय असं वाटतं."

त्यानंतर त्याने घरी लावलेला फोन नुसता वाजत राहिला, कुणी उचलेना. तो साहेबांकडे गेला.

"साहेब, घरी एक जण पडायच्या बेतात आहे."

"कोण, सासूबाई? मग उभे काय राहिलात? माझी गाडी घेऊन जा."

खरं सांगायला त्याची जीभ रेटली नाही.

घरी टीव्ही काळाठिक्कर होता. पंख्याच्या वाऱ्यात सासूबाई खुर्चीतच गाढ झोपल्या होत्या, मांडीवर खेळाचा रिमोट. कारकून पडद्यासमोर जाऊन बसला. त्याला लहान मुलासारखं रडू येत होतं.

सासूबाईंनी डोळे उघडले. "आलात? रागावू नका. माणूस किती वेळ लटकेल? मला बघवेना. एक बटण दाबलं, तसा तो थेट त्या धटिंगणाच्या डोक्यावर. धटिंगण आडवा."

"जिंकला? मग पुढे? पुढे काय झालं?"

"काही नाही. त्याने बूट काढून हातात घेतले आणि अनवाणी चालत निघाला. ऊन उतरत होतं. लांब एका घराच्या दारात त्याची आई उभी होती. जेवायला हाक मारत होती." त्यांनी जांभई दिली. "तो घरात गेला, मग मीही बंद केलं. की बंद केल्यावर झोपेत दिसलं हे मला, कोण जाणे."

कारकुनाची आई जाऊन बरीच वर्षं झाली होती. तिच्या प्रत्येक हाकेला त्याने "थांब गं" म्हटलं होतं.

सासूबाई स्वयंपाकघरात गेल्या. भांड्यांचा आवाज झाला.

"जावईबापू, दोन घास खाऊन घ्या."

"आलो," तो म्हणाला, आणि लगेच उठला.