बुधवारी चार वाजता पहिला प्रयोग

जावई साबणाच्या कारखान्याचा व्यवस्थापक आणि सासरे त्याच कारखान्यातले मुख्य कारागीर. म्हणजे घरी ज्यांच्यासमोर मान खाली घालून जेवायचं, त्यांनाच कामावर हुकूम सोडायचे. जावयाने तीन महिन्यांत एकही हुकूम सोडला नव्हता. सासरे तीस वर्षं एकच साबण करत आले होते. पांढरा, चौकोनी, आणि मुख्य म्हणजे खपणारा. "काही नवीन करून पाहू या का?" असं जावयाने विचारलं, की सासरे कढईकडे बघत "हं" म्हणायचे आणि विषय त्या कढईत विरघळून जायचा.

शेवटी जावयाने मालकीणबाईंना गाठलं. "रोजचं काम रोज होऊ दे, पण आठवड्यातली एक दुपार नवीन शिकायला मोकळी हवी. नाहीतर आज जेवढं येतं, तेवढंच आपल्याला येत राहील."

"बुधवारी चार वाजता करून दाखवा," मालकीणबाई म्हणाल्या. "जमलं तर दर बुधवारची दुपार तुमची. फसलं तर पुन्हा नाव काढायचं नाही."

आता सासऱ्यांना पटवायचं होतं. जावई घाबरला की पुस्तकातलं मराठी बोलायचा आणि सासऱ्यांपुढे तो नेहमीच घाबरलेला असायचा.

"बाबा, बुधवारी आपल्याला एक प्रयोग सादर करायचा आहे."

सासऱ्यांचा ढवळता हात थांबला. तरुणपणी त्यांनी हौशी नाटकांतून कामं केली होती. शेवटचा प्रयोग होऊन पस्तीस वर्षं झाली, तरी त्यांना अजून झोपेत टाळ्या ऐकू यायच्या.

"प्रयोग? इथं? लोकांसमोर?"

"हो. आणि मुख्य काम तुमच्याकडेच आहे."

"जावईबापू," सासरे झारा बाजूला ठेवत म्हणाले, "तुम्ही मला ओळखलंत! पात्रं किती?"

जावयाने कढईकडे पाहिलं. "पात्र एकच. मोठं."

"एकपात्री! वा! आणि रंग?"

"फिकट हिरवा म्हणतोय मी."

सासरे जरा दचकले. पण हल्लीच्या नव्या नाटकांत वाटेल ते असतं, हे त्यांच्या कानावर होतं. "तालीम कधी?"

"तालीम नकोच. ऐन वेळी सुचेल तसं करत जायचं. तोच तर उद्देश आहे."

सासऱ्यांनी चक्क त्याच्या पाठीवर थाप मारली. जावई हवेत तरंगतच बाहेर पडला आणि त्याने फलकावर लिहिलं, 'बुधवारी चार वाजता पहिला प्रयोग. सर्वांनी वेळेवर हजर राहावे.'

"साहेब, घरच्यांना आणलं तर चालेल?" पॅकिंगच्या मावशींनी विचारलं.

काय ही ज्ञानाची ओढ! जावयाला भरून आलं. "अवश्य आणा!"

बुधवारी पावणेचारला कारखान्यात पाय ठेवायला जागा नव्हती. खोक्यांच्या रांगा लागल्या होत्या, पोरंटोरं पिंपांवर चढली होती, आणि कोणाची तरी आजी पुढच्या जागेसाठी हमरीतुमरीवर आली होती. पहिल्या रांगेत सासूबाई होत्या. त्यांच्या शेजारी मालकीणबाई कशाबशा अंग चोरून बसल्या. सासरे मात्र कुठेच दिसेनात. जावयाने धीर करून स्वतःच उकळत्या कढईत हिरवा रंग टाकला, सुगंधी तेल ओतलं आणि घसा साफ केला.

तेवढ्यात कोणीतरी तिसरी घंटा दिली.

सासरे आले. तोंड फिकट हिरवं, खांद्यावर सासूबाईंची शाल, हातात तलवारीसारखा उगारलेला लांब झारा.

"अरे दुष्टा!" ते कढईवर गरजले. "तीस वर्षं तुला ढवळलं! आणि तू मला काय दिलंस? फेस!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. जावई कढईकडे धावला. कढईतला साबण घट्ट व्हायला लागला होता. तो ताबडतोब साच्यांत ओतायला हवा होता.

"बाबा, ओता!" तो कुजबुजला.

आपला जावई पडद्यामागून वाक्यं सुचवतोय, हे पाहून सासरे आणखी रंगात आले. "ओता! ओता तुमचे अश्रू!"

"बाबा, आवळतोय!"

"आवळतोय! काळजाभोवती फास आवळतोय!" म्हणत त्यांनी झारा कढईत खुपसला. तो तिथेच उभा राहिला. दोघांनी मिळून ओढला तरी हलेना.

"वन्स मोअर!" पिंपावरून आवाज आला.

मालकीणबाई उठल्या. त्यांनी साबणावर बोटाने टकटक केलं. दगड.

"फसला प्रयोग," जावई कसंबसं म्हणाला.

"फसला?" सासरे म्हणाले. "अहो, हाउसफुल्ल आहे!"

"बाबा, हा प्रयोग साबणाचा होता."

सासऱ्यांचा हिरवा चेहरा आणखी हिरवा झाला. मालकीणबाई पर्स उचलत म्हणाल्या, "ठरलं ते ठरलं. आता पुन्हा हा विषय नको." जावयाला रडू यायचंच काय ते बाकी होतं.

"गरम कढईत तेल ओतल्यावर दुसरं काय होणार?" पहिल्या रांगेतून सासूबाई म्हणाल्या. "आधी निवू द्यायचं. घरी सात वेळा असंच झालं, तेव्हा कुठे आठव्यांदा जमलं."

सगळे वळले. "घरी?" मालकीणबाईंनी विचारलं.

"अगं, गप्प बस," सासरे पुटपुटले.

"का गप्प बसू? मोरी भरलीय तुमच्या वड्यांनी! काकडीचा साबण, मधाचा साबण, तो एक फेसच न येणारा, आणि ज्याने मी आठ दिवस निळी होते तो!"

मालकीणबाई परत खोक्यावर बसल्या. "मेस्त्री, मग इथं का नाही केलंत कधी?"

सासऱ्यांनी शालीच्या टोकाने कपाळ पुसलं. "इथं फसलं तर तीस वर्षांचं नाव जातं, बाई. घरी फसलं तर फक्त ही बोलते."

मालकीणबाईंना हसू आवरेना. हसता हसताच त्यांनी निकाल दिला. दर बुधवारची दुपार मोकळी, मेस्त्री मुख्य, जावई मदतनीस. फसलेलं सगळं इथंच, सर्वांसमोर फसेल आणि त्याला कोणी नावं ठेवणार नाही. जावयाने आनंदाच्या भरात सासऱ्यांना मिठी मारली आणि दोघंही हिरवे झाले.

"तुमचे तर फारच उपकार झाले," मालकीणबाई सासूबाईंना म्हणाल्या. "काय देऊ सांगा."

सासूबाईंनी इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"तुमचा तो साधा पांढरा साबण असतो ना, त्याची एक वडी द्या. लोक फार चांगलं म्हणतात. लग्नाला तीस वर्षं झाली, मी अजून एकदाही वापरला नाही."