पडद्यावरचा हार

बिरवाडीच्या कारखान्यात काम करणाऱ्या सोमानं २०१६ साली घेतला तसला मोबाइल अख्ख्या वाडीत कुणाकडे नव्हता. कॅमेरा माणसासमोर धरला, की पडद्यावर त्याच्या डोक्याला फेटा, ओठावर मिशा, पाहिजे ते! "आता हारतुऱ्याला महाड गाठायला नको," त्यानं बायकोला, साळूबाईला, छातीठोकपणे सांगितलं. "समदं ह्यात हाय."

रविवारी त्यांच्या अंकिताचा साखरपुडा होता. पोलादपूरचं स्थळ महामुश्किलीनं जमलेलं. व्याह्यांवर छाप पडावी म्हणून सोमानं शनिवारी सकाळी आपल्या म्हाताऱ्याला, हैबतीआबांना, अंगणात बसवलं. उन्हानं आबांनी डोळे मिटले आणि नेमकं तेव्हाच सोमानं बटण दाबलं. पडद्यावर आबांच्या गळ्यात झेंडूचा टपोरा हार पडला.

"हार घातला, आबा."

आबांनी गळा चाचपला. "कुठं हाय?"

"मोबाइलमदी."

"मग तिथनंच काढ. खाजतंय मला."

सोमानं फोटो व्याह्यांना धाडला. खाली लिहिलं, 'आमचे आबा. सगळ्यांनी यावे.'

फोन करून खात्री करून घ्यावी अशी ती बातमीच नव्हती. दुपारी दारात टेंपो थांबला. बाया पदर डोळ्याला लावूनच उतरल्या. विहीणबाई बनुबाईंनी उंबऱ्यातच बसकण मारली. "द्येवमानूस गेला गो! कधी कुणाला वाकडा शबुद बोलला नाय."

पंचवीस वर्षं सासऱ्याचं तोंड सोसलेली साळूबाई इकडंतिकडं बघू लागली. ह्या नेमक्या कुणाबद्दल बोलतायत तेच तिला कळेना.

व्याह्यांनी सोमाच्या खांद्यावर हात ठेवला. "आता वरीसभर शुभकार्य नाय. पोराला तर दुसरीकडनं सांगून येतंय. काय करायचं?"

लेकीचं ठरलेलं लग्न मोडत होतं, आणि का, ते सोमाला समजत नव्हतं. "पण झालं काय?"

"आबा गेले नव्हं?"

"गेलेत की. हिरीवर, आंघोळीला."

तेवढ्यात ओल्या धोतरानं आबाच परसातून आत आले. बनुबाई रडता रडता उंबऱ्यावरून उठल्या. व्याह्यांनी मोबाइल पुढं केला. मिटलेले डोळे, गळ्यात हार.

"सोमा," व्याह्यांनी विचारलं, "हार घातलेला फोटो कुणाचा असतो रे?"

सोमाला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. पण आधी व्याही हसले, मग बनुबाई, आणि सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. "मानसं आलीच हायत," व्याही म्हणाले, "तर आजच उरकू." साळूबाईनं डब्यातली होती नव्हती ती साखर काढली. अंकिताला कुंकू लागलं तेव्हा सोमाचे डोळे खरोखरच भरून आले.

एवढ्या माणसांचं जेवण मात्र घरात नव्हतं. ते टेंपोत होतं! मयताच्या घरी चूल पेटत नाही, म्हणून बनुबाईंनी पातेलंभर पिठलं आणि भाकऱ्या आणल्या होत्या. साखरपुड्याची पंगत त्याच्यावरच बसली.

आबांनी दोन भाकऱ्या संपवल्या आणि बोटं चाटली.

"मीठ कमी हाय, विहीणबाई. खऱ्या येळंला ध्यान ठेवा."