घाऱ्यांचा सल्ला

मेडिकलच्या ॲडमिशनचं काहीही विचारायचं असेल तर घाऱ्यांना विचारा, हे कोपरखैरण्याच्या त्या सोसायटीत सगळ्यांना पाठ होतं. कारण घारे ते स्वतःच सगळ्यांना सांगत असत!

सुभाष घारे बेलापूरच्या एका ऑफिसात हेडक्लार्क होते. त्यांचा आणि वैद्यकशास्त्राचा संबंध म्हणाल तर मूळव्याधीपुरता. पण नव्व्याण्णव साली सीईटी नवीनच सुरू झाली होती आणि कोणालाच काही समजत नव्हतं. जे कोणालाच समजत नाही ते घाऱ्यांना ताबडतोब समजायचं! त्यांनी ड्रॉइंग पेपरवर तीन रंगांत तक्ता काढला आणि नोटीस बोर्डावर लावून टाकला. दोनशेपैकी एकशेसाठच्या वर एमबीबीएस. त्याखाली डेंटल, मग आयुर्वेद, होमिओपॅथी, युनानी, फिजिओथेरपी. आणि शंभरच्या खाली नुसती एक जाड काळी रेघ.

"रेघेखाली काय हो?" सेक्रेटरी बाजीरावांनी विचारलं.

"रेघेखाली काही नाही," घारे म्हणाले. "तिथं जाऊच नये माणसानं!"

पंधरा दिवसांनी निकाल लागला. त्यांची एकुलती एक मुलगी गीतांजली हिला अठ्ठावन्न मार्क पडले.

घारे निकाल बघून जिना चढत होते, चेहरा चुन्यात बुडवून काढल्यासारखा. नेमके वरून बाजीराव उतरले. "काय घारे, गीतूला किती?"

"अठ्ठावन्न," घारे पुटपुटले.

"एकशे अठ्ठावन्न!" बाजीराव ओरडले. "वा! म्हणजे डेंटल पक्कं!"

चूक दुरुस्त करायला एक श्वास पुरला असता. घाऱ्यांनी तो श्वास घेतला, आणि नुसताच सोडून दिला.

संध्याकाळपर्यंत सोसायटीला डेंटिस्ट मिळाला होता! तळमजल्याच्या वेणूबाईंनी गीतूला जिन्यातच गाठलं आणि जबडा उघडून किडकी दाढ दाखवली. "बग गो, काढावी लागंल का?" गीतू रडत घरात आली. तिची आई अरुणाताई घाऱ्यांवर उखडल्या.

"अहो, आत्ताच्या आत्ता जाऊन खरं सांगा सगळ्यांना!"

"सांगतो गं. योग्य वेळ बघून सांगतो."

योग्य वेळ यायच्या आधी नजीबभाई आले. समोरच्या फ्लॅटमधले हे नजीबभाई न्हावा शेवा बंदरात कस्टम क्लिअरिंगचं काम करायचे. मूळचे उरणचे. त्यांच्या नूरीनला एकशे बासष्ट मार्क होते, आणि त्यांच्या सात पिढ्यांत कोणी डॉक्टर झालेलं नव्हतं.

"सुभाषभाऊ, नूरीनला इंटरव्ह्यूला बोलवलंय, मुंबईला. कागद काय काय लागतील?"

घारे एकदम फुलले. सल्ला विचारला की त्यांना दुसरं काही आठवत नसे. "फक्त झेरॉक्स न्यायच्या, अटेस्टेड! ओरिजिनल घरी कपाटात. गर्दीत हरवली तर जन्माचा घोटाळा!"

"बरं झालं विचारलं. मंग आपन सगळे एकत्रच जाऊ ना! चार मार्कांचा तर फरक, दोघींना एकाच दिवशी बोलवलं असेल. माझी जीप हाय."

"हो... हो तर!" घाऱ्यांच्या तोंडून निघून गेलं.

त्या रात्री गीतू म्हणाली, "मला कोणीच बोलवलं नाहीये, बाबा. मी तिथं येऊन काय करू?"

"नुसती चल. गर्दीत कोणाला कळतंय!"

"माझी एवढी लाज वाटते तुम्हाला?"

घारे चपलेचा अंगठा शिवायला बसले. तो तुटलेला नव्हता.

इंटरव्ह्यूच्या दिवशी चौघं हॉलमध्ये बसली. नूरीनचा नंबर पुकारला तेव्हा घारेच पुढे झाले आणि टेबलावर झेरॉक्सचा गठ्ठा ठेवला. "घ्या. अटेस्टेड!"

"ओरिजिनल?" टेबलामागच्या क्लार्कनं विचारलं.

"घरी. सुरक्षित!"

"मग सीटही घरीच बघा. दीडपर्यंत ओरिजिनल आणा, नाहीतर हिची सीट पुढच्याला."

घड्याळात दहा वाजले होते. नजीबभाईंनी घाऱ्यांकडे एकदाच पाहिलं. आणि ते जीपकडे पळाले. नूरीन ओढणीचं टोक पिळत उभी राहिली. घाऱ्यांना वाटलं, आता फरशी दुभंगावी आणि आपल्याला तक्त्यासकट पोटात घ्यावं.

पण क्लार्क सज्जन निघाला. "आणि ही मुलगी? हिचं कॉल लेटर?"

"ते... तेही घरीच राहिलं."

"तुम्ही घर तरी कशाला सोडलंत?" क्लार्क म्हणाला. "असू दे. सीट नंबर सांग बाळ, बघून देतो."

"नको, नको! कशाला त्रास!" घारे घाईघाईनं म्हणाले. पण गीतूनं मान वर केली आणि एकेक आकडा सुटा करून खणखणीत आवाजात सीट नंबर सांगितला. क्लार्कनं भलंमोठं रजिस्टर उघडलं. त्याच्यासमोरचा माईक चालूच होता.

"गीतांजली सुभाष घारे," सगळ्या हॉलला ऐकू गेलं. "अठ्ठावन्न. अहो, अठ्ठावन्नला इथं कशाला आणलंत पोरीला?"

तीनशे माना वळल्या. मागून कोणीतरी फिसकन हसलं. गीतूच्या डोळ्यांत पाणी आलं, पण ती हलली नाही. नूरीननं तिचा हात घट्ट धरला. आणि घाऱ्यांना पहिल्यांदाच कळलं की त्या हॉलमध्ये लाज वाटावी असं एकच माणूस आहे, आणि त्याला अठ्ठावन्न मार्क पडलेले नाहीत.

"ती आपणहून नाही आली," ते कसेबसे म्हणाले. माईक अजून चालूच होता. "मी आणली. खोटं बोलून आणली."

नजीबभाई एक वाजून बावीस मिनिटांनी आले, घामानं निथळत, फाईल छातीशी धरून. तीन वाजता नूरीनला एमबीबीएसची सीट मिळाली. नजीबभाई तिथल्या तिथे मुलीच्या डोक्यावर हात ठेवून रडले.

जीप परतीच्या वाटेला लागली. माईकवरचं नजीबभाईंनी ऐकलं नव्हतं. घाऱ्यांना गप्प राहता आलं असतं. मानखुर्द गेलं तसा त्यांनी घसा साफ केला.

"नजीबभाई, गीतूला अठ्ठावन्नच आहेत. एकशे नाहीत. मी लपवलं. आणि ओरिजिनलचंही... मला काही माहीत नव्हतं हो. माफ करा."

नजीबभाईंनी गिअर बदलला. "सुभाषभाऊ, सकाळी एकटा होतो ना, तवा वाशीच्या पुलावर तुमाला इतक्या शिव्या घातल्यात, की आता एक पन शिल्लक नाय."

घारे मागे वळले. "गीतू, चुकलो गं मी. उद्यापासून तुझ्या बीएस्सीचं बघू. मी सगळी माहिती काढतो. कॉलेजची, फॉर्मची..."

"ॲडमिशन झाली, बाबा. वाशीला, गेल्या सोमवारी. आई आली होती."

"झाली? मग मला का नाही सांगितलं?"

गीतूनं नूरीनकडे पाहिलं. मग अगदी हळू आवाजात म्हणाली, "तुम्ही सल्ला दिला असता ना."

घारे पुन्हा पुढे वळून बसले आणि बाहेर बघू लागले. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं. कंटेनरचे ट्रक होते, एकामागे एक. घाऱ्यांनी ते सगळे बघितले.